समूच्या बाळंतपणाचं इंग्रजी

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१६ नोव्हेंबर २००३

समू बाळा,

आधी खुर्चीत नीट बस आणि मग वाच. तुझी आई इंग्रजी शिकतेय. हसून घे, मी थांबते.

झालं हसून? आता ऐक. नवघर रोडला एका औषधाच्या दुकानावर क्लास निघालाय, रोजच्या वापराचं इंग्रजी, बायकांची दुपारची बॅच. शिकवणाऱ्या बाई उत्तनच्या, फिलोमिना टीचर. जिन्यात भेटल्या तर मराठी असं ठसक्यात बोलतात की ऐकत राहावं, पण वर्गात शिरल्या की मराठीचा एक शब्द काढत नाहीत. पहिल्याच दिवशी मला उभं केलं. माय नेम इज मंदा इथपर्यंत गाडी बरी गेली. मग विचारलं, तुम्हाला इंग्रजी कशाला शिकायचंय, तेही इंग्रजीतूनच, आणि माझी बोबडी वळली. शेजारी हंसाबेन बसते, तिचा मुलगा नैरोबीला आहे. ती कानात म्हणाली, बोलो ना, डॉटर, डॉटर. मी म्हटलं, डॉटर. टीचरनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. शाळेत अख्खी कविता म्हटली तरी मला कधी कोणी टाळ्या दिल्या नव्हत्या.

कारण तुला माहीतच आहे. मार्चमध्ये तुझं बाळंतपण. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं असतं, मग पोर माहेरी येवो नाहीतर आईने लीड्सला जावो. तू तिथे कळा सोसत पडलेली आणि मी कोपऱ्यात मुक्यासारखी बसलेली, हे मला चालायचं नाही. नर्सकडे गरम पाणी मागता आलं पाहिजे, डॉक्टरीण काय म्हणते ते कळलं पाहिजे. निहारराव सांगतील सगळं, पण बायकांच्या गोष्टी जावयाच्या तोंडून कशा ऐकायच्या गं?

तुझे बाबा म्हणाले, पन्नाशी आली आणि आता एबीसीडी. मी म्हटलं, तुम्ही काशीमीऱ्याच्या गोडाऊनवर दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदी झाडता, ते कुठल्या शाळेत शिकलात? मग आमटीची वाटी पुढे केली.

पासपोर्ट आला. फोटोत मी पाकीटमारासारखी दिसतेय. मेतकूट हवं की भाजणी ते कळव.

तुझी,
आई


लीड्स
७ डिसेंबर २००३

आई,

तुझं पत्र मी निहारला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणतो, सासूबाई आल्या की आपण दोघांनी गप्प बसायचं, बाहेरचं सगळं त्या बघतील.

एक सांगू? टीचर शिकवतात त्यातलं अर्धं इथे कोणी बोलत नाही. हाऊ आर यू नाही, नुसतं 'ऑल राइट?' म्हणतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. तू थांबून तब्येतीचं सगळं सांगत बसशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. आणि बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, पोस्टातली बाई, सगळे मला 'लव्ह' म्हणतात. पहिल्यांदा ड्रायव्हर 'थँक्स, लव्ह' म्हणाला तेव्हा मी रागाने त्याच्याकडे बघतच राहिले. मग कळलं की ते आपल्या 'ये गं बाय'सारखं मायेचं आहे. बाबांना आधी कल्पना दे, नाहीतर काठी घेऊन निघतील.

शेजारी मार्गारेट म्हणून एकटी बाई राहते, सत्तरीची असेल. रोज सकाळी डोकावते. तिला सांगितलं, माझी आई येणार आहे आणि ती माझ्यासाठी इंग्रजी शिकतेय. तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून तुझीच चौकशी.

बाळ आता लाथा मारतं. मी मराठी बोलले की जास्त, ऑफिसात इंग्रजी बोलत असते तेव्हा झोपलेलं असतं. निहारला हे पटत नाही, तो म्हणतो योगायोग. तू ठरव.

फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच ये, आई. मार्चपर्यंत थांबू नकोस. भाजणी आण. मेतकूटही आण.

समू


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२८ डिसेंबर २००३

समू,

योगायोग कसला डोंबलाचा. पोटातल्या पोराला आपली भाषा कळते. जावईबापूंना म्हणावं, तुम्ही मराठीत गप्पा मारा, मग बघा.

आमची गाडी आता म्हणींवर आलीय. टीचर म्हणतात, म्हणी आल्या की बोलणं पुस्तकी वाटत नाही. सोपं काम असलं की हे लोक त्याला केकचा तुकडा म्हणतात. आजारी माणसाला म्हणतात अंडर द वेदर, हवेच्या खाली. आणि पोटुशी बाई असली तर, आता काय सांगू तुला, म्हणतात भट्टीत पाव आहे! बन इन द अव्हन. अख्खा वर्ग लाजला आणि मग हसत सुटला. हंसाबेन म्हणाली, मंदाबेन, आपका पाव कब निकलेगा? मी म्हटलं, मार्च एंडिंग. आता सोसायटीच्या जिन्यात सुद्धा मला हेच विचारतात.

घरी रोज रात्री जेवणं झाली की तालीम. तुझे बाबा नर्स होतात. उशीला टेकून बसतात, चष्मा लावतात, आणि मी दारातून आत येते. एक्स्क्यूज मी, सिस्टर. आय ॲम समिधाज मदर. प्लीज गिव्ह हर हॉट वॉटर, नॉट कोल्ड. कॅन आय होल्ड द बेबी. त्यांनी टीचरनी लिहून दिलेली उत्तरं वाचायची. आवाज एवढा गंभीर लावतात की मला हसू आवरत नाही, मग ओरडतात, नर्ससमोर अशी हसलीस तर बाहेर काढेल.

माझी जुनी सुती लुगडी धुऊन, मऊ करून ठेवलीत. गोधडीला टाका घातला नाही, जन्माच्या आधी बाळाचं काही शिवायचं नसतं. सुईदोरा बरोबर आणते, तिथेच शिवेन.

पोट कसं दिसतंय? फोटो पाठव. समोरून नको, बाजूने. मला कळेल.

आई


लीड्स
२५ जानेवारी २००४

आई,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला.

तू इतक्यात येऊ नकोस. खरंच. थंडी फार आहे, बर्फ पडतोय, तुला सोसायचं नाही. इथे हॉस्पिटलवाले सगळं बघतात, घरच्यांनी काही करावं लागत नाही. व्हिसाची घाई करू नको. मी बाबांशी बोलेन.

मी जरा अंडर द वेदर आहे, एवढंच. तुला शब्द माहीत आहे ना. काळजीचं काही नाही. फोनवर निहार बोलेल, माझा घसा बसलाय.

समू


काशीमीरा
६ फेब्रुवारी २००४

चि. समिधा,

हे गोडाऊनवरून लिहितोय. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

निहाररावांचा फोन इथे आला त्या दिवसापासून तुला लिहीन म्हणतो, पण हात उठत नाही. मला पत्र लिहायची सवय नाही, ते खातं तुझ्या आईचं. बाळ गेलं असं ते म्हणाले तेव्हा बाहेर ट्रक खाली होत होता, मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. परत तेच सांगितलं त्यांनी. मुलगी होती म्हणाले. आठवा महिना म्हणजे सगळी घडलेली असते गं.

तुझ्या आईला सांगू नका असं मीच निहाररावांना म्हणालो. तुला ठाऊक आहे, दामूमामा गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात कशी कोसळली होती. प्रेशरची गोळी चालू आहे. आपल्याकडे असली बातमी एकदम सांगत नाहीत, हळूहळू सांगतात. आधी तब्येत नरम आहे म्हणायचं, मग जरा जास्त आहे म्हणायचं, मग एखाद्या मोठ्या माणसाला घरी बोलावून सांगायचं. मी तसंच ठरवलं होतं. पण पहिली पायरीच होत नाही माझ्याने.

कारण तालीम चालूच आहे. मी टाळून बघितलं, डोकं दुखतंय म्हणालो, तर म्हणाली, नर्सचं डोकं दुखून कसं चालेल. काल मला डॉक्टर केलं. विचारलं, इज द बेबी ऑल राइट? कागदावर उत्तर लिहिलेलं होतं. येस, मदर, व्हेरी हेल्दी. मी वाचलं. ती म्हणाली, परत म्हणा, नीट ऐकू आलं नाही. मी परत वाचलं.

व्हिसाचे कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत, भरलेले नाहीत. तिला सांगतो, रांग मोठी आहे.

तू जेवतेस का? मी काय करू ते सांग. मला काही सुचत नाही.

बाबा


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१५ फेब्रुवारी २००४

समिधा,

तुझं येऊ नकोस वाचलं. आठ ओळींचं पत्र. तुझ्या परीक्षेच्या दिवसांत सुद्धा एवढं छोटं कधी आलं नव्हतं.

थंडीचं कारण मला नको सांगूस. माणसं राहतात ना तिथे? आणि चार रविवार झाले, फोन जावईबापूच घेतात. तुझा घसा अजून बसलेलाच? मी मूर्ख नाही, समू. मला कळलंय काय ते.

तू पाचवीत होतीस. शाळेत पालकांना बोलावलं होतं, मी नवी साडी नेसून गेले होते. तुझ्या बाईंनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी येस येस म्हणाले. त्या परत बोलल्या, मी परत येस. मागे पोरं हसली. घरी येताना तू माझा हात धरला नाहीस आणि दाराशी म्हणालीस, पुढच्या वेळी बाबांना पाठव. मी बाबांना पाठवलं. दहावीपर्यंत तेच गेले. मी तुला त्यावरून कधी बोलले का? लहान पोर, वाटते लाज. मी मनात धरलं नाही.

पण आता तू लहान नाहीस. त्या मार्गारेटबाईंना कौतुकाने सांगितलंस आणि मग घाबरलीस, हो ना? आता ही खरंच येईल आणि हॉस्पिटलात येस येस करत बसेल. सगळ्यांसमोर शोभा. म्हणून थंडी, म्हणून बर्फ.

अगं, मला आता येतं. टीचर म्हणाल्या, बॅचमध्ये मंदा सगळ्यांत पुढे. शब्द पाठ करता करता आमटी दोनदा करपली. तू फोनवर माझी परीक्षा घे. काहीही विचार, इंग्रजीतून विचार, मी उत्तर देईन. आणि नापास झाले तर हॉस्पिटलात येणार नाही, घरात राहीन, तुझ्यासाठी पेज करीन, कोणी आलं तर आतल्या खोलीत जाईन. कोणाला कळणार पण नाही की मी आलेय.

पण येऊ दे मला. पहिलटकरीण पोर एकटी आणि मी इथे भाईंदरला बसून काय करू? माझं कशात लक्ष लागत नाही.

आई


लीड्स
२७ फेब्रुवारी २००४

बाबा,

आईचं पत्र तुम्ही वाचलं नसेल. तिला वाटतंय, मला तिची लाज वाटते म्हणून मी तिला येऊ देत नाही. ती म्हणते, कोणी आलं तर मी आतल्या खोलीत जाईन.

मला हे सहन होत नाही. आधीचं सगळं सहन केलं मी, हे नाही होत.

तुम्ही सांगा तिला. तुम्ही म्हणालात हळूहळू, मी हो म्हटलं, कारण मला ते शब्द उच्चारायचेच नव्हते. इथे सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. ऑफिसला सांगितलं, बँकेत त्या बाईने पोटाकडे बघून विचारलं तिला सांगितलं. वी लॉस्ट द बेबी. इंग्रजीत म्हटलं की दुसऱ्या कोणाचं तरी झालंय असं वाटतं, पटकन म्हणता येतं. मराठीत मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. निहारशी सुद्धा आम्ही त्याबद्दल इंग्रजीतच बोलतो. आईला इंग्रजीत कसं सांगू? आणि मराठीत सांगायला लागले तर मी थांबणार नाही.

प्लीज, बाबा. मोठं माणूस वगैरे बोलवत बसू नका. तिच्या शेजारी बसा आणि सांगा.

समिधा


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१० मार्च २००४

समू, माझ्या बाळा,

मला कळलं. तुझ्या बाबांनी नाही सांगितलं. त्यांच्यावर रागवू नकोस, त्यांनी बिचाऱ्यांनी दोनदा सुरुवात केली होती. परवा रविवारी माझ्याजवळ येऊन बसले, म्हणाले, समूची तब्येत जरा नरम आहे, आणि मग पाणी प्यायला उठून गेले.

काल दुपारी क्लास सुटल्यावर हंसाबेनला घेऊन मी स्टेशनजवळच्या फोनच्या बूथवर गेले. घरच्या फोनवरून परदेशी लागत नाही. म्हटलं, तिथे सकाळ, जावईबापू ऑफिसात असतील, समूलाच उचलावा लागेल, आणि मी मराठीचा एक शब्द काढणार नाही, बघू दे तिला. वाक्यं घोकून ठेवली होती. फोन तुझ्या मार्गारेटबाईंनी उचलला. मी म्हटलं, गुड मॉर्निंग, आय ॲम समिधाज मदर, स्पीकिंग फ्रॉम इंडिया. त्या म्हणाल्या, ती झोपलीय, उठवू का? मी म्हटलं, नो, लेट हर स्लीप. किती छान जमत होतं. हंसाबेन बाहेरून काचेतून अंगठा दाखवत होती.

मग त्या म्हणाल्या, आय ॲम सो सॉरी अबाऊट द बेबी.

समू, मला कळलं गं. पहिल्याच झटक्यात कळलं. मला वाटलं होतं, खरी गोरी बाई बोलली की निम्मं डोक्यावरून जाईल. एक शब्द डोक्यावरून गेला नाही. त्या म्हणाल्या, शी वॉज ब्यूटिफुल. म्हणाल्या, मी हॉस्पिटलात गेले होते, मी तिला पाहिलं. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. आई म्हटल्यावर ठाऊक असणारच ना. मी थँक यू म्हणाले. दुसरं काही येतच नव्हतं. फोन ठेवला आणि बूथमध्येच खाली बसले. हंसाबेनने रिक्षात घालून घरी आणलं, रात्रीपर्यंत माझ्याजवळ बसली, तिच्या घरचा स्वयंपाक पडला असेल.

बाबा गोडाऊनवरून आले. मी पान वाढलं आणि म्हटलं, आजपासून तुम्ही नर्स व्हायला नको. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ताटावर बसल्या बसल्या रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हा सुद्धा नाही. एवढे दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून व्हेरी हेल्दी म्हणत होता.

आणि मी तुला काय लिहिलं. कुठली पाचवी काढली, कुठली लाज काढली. ते पत्र फाडून टाक. आणि मी कोसळले वगैरे नाही, धडधाकट आहे. कोसळायला मला वेळ नाही.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. तिथल्या लोकांनी विचारलं असेल नसेल, मला ठाऊक नाही, पण मला विचारायचंय. बाळ गेलं म्हणून तू बाळंतीण नाहीस असं नाही, समू. अंग तेवढंच ओलं असतं, हाडं तेवढीच खिळखिळी होतात. तुला कोणी तेल लावलं का? पोट बांधलं का? शेक दिला का? की दुसऱ्या दिवशी घरी आलीस आणि भांडी घासायला उभी राहिलीस?

आणि बाळा, दूध आलं होतं का गं? आठव्या महिन्यात येतं. पोर नसलं तरी येतं, त्याला कुठे माहीत असतं. तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?

बाबा आज रजा टाकून व्हिसाचे कागद घेऊन गेलेत. मी येतेय. उशीर झालाय, पण बाळंतिणीला उशिरा लावलेलं तेलही लागू पडतं. तू नको म्हणालीस तरी येतेय.

तुझी आई


लीड्स
२२ मार्च २००४

आई,

आलं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर गाऊन भिजलेला. मला वाटलं, ताप उतरून घाम आलाय. मग कळलं. थांबतच नव्हतं. निहारने बघू नये म्हणून मी बाथरूममध्ये दार लावून बसायचे, टॉवेल धरून. हॉस्पिटलची नर्स घरी आली होती, चांगली होती, विचारत होती काही त्रास होतोय का. मी म्हटलं, नो, आय ॲम फाइन. इतकी वर्षं इंग्रजीत शिकले, आई, मला तिच्यासमोर ते वाक्य जुळवता आलं नाही. कोणालाच सांगितलं नाही मी. तूच पहिली विचारलंस.

तेल नाही लावलं कोणी. पोट नाही बांधलं. भांडी घासली.

पत्र फाडलं नाही, फाडणारही नाही. पाचवीतलं मला सगळं आठवतंय. तू त्या दिवशी आंबा रंगाची साडी नेसली होतीस आणि वर्गात सगळ्यांत सुंदर तूच दिसत होतीस, हे मी तेव्हा म्हणाले नाही.

आता जे सांगते ते निहारलाही सांगितलेलं नाही. बाळाला नर्सने माझ्या हातात दिलं होतं. पांढऱ्या कापडात गुंडाळून, थोडा वेळ. मी नीट बघितलं तिला. केस होते भरपूर. आणि नाक तुझं होतं, आई. अगदी तुझं, टोकाला जरा बसकं, तू प्रत्येक फोटोत लपवायला बघतेस तसं. मला ते तिथे कोणाला तरी सांगायचं होतं, इतकं सांगायचं होतं, पण सांगणार कोणाला? त्या खोलीत तुला ओळखणारं निहारशिवाय कोणी नव्हतं. आणि त्याच्याकडे बघितलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तू ये. आतल्या खोलीत जायचं नाही. दार तूच उघडायचं. मार्गारेट रोज सकाळी येते, ती आली की तू पुढे हो, इंग्रजी बोल नाहीतर बोलू नकोस. तिने बाळ पाहिलंय. तुझ्याकडे बघितल्यावर तिला कळेल.

समू